प्रौढांचे शिक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालय



दिवेलागणीच्या सुमारास गावोगावच्या वाचनालयांची दारे उघडतात. चार-दोन मंडळी वर्तमानपत्राची पाने आपसांत वाटून घेतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा तरुण कोपऱ्यातील टेबल धरून बसतो. एखादी शाळकरी मुलगी आईसाठी कादंबरी बदलून नेते. तास-दोन तासांनी दाराला पुन्हा कुलूप लागते. त्याच वेळी वाचनालयाच्या ओट्यासमोरून शेतावरून परतणारे स्त्री-पुरुष जात असतात. त्यांच्यापैकी काहींना अक्षरओळख नाही. काहींना ती एकदा झाली होती, पण सरावाअभावी पुसट झाली आहे. कित्येकांना चांगले वाचता येते, तरी आत जाण्याचे आपल्याला काही कारण आहे असे त्यांना कधी वाटलेले नाही. सार्वजनिक ग्रंथालयापुढील प्रश्न आत बसलेल्या वाचकांचा तर आहेच. परंतु त्याहून अधिक तो ओट्यासमोरून निघून जाणाऱ्या या माणसांचा आहे.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानाला अकरावी अनुसूची जोडली गेली. पंचायतींकडे सोपविता येतील असे एकोणतीस विषय तीत दिलेले आहेत. त्यांतील एकोणिसावा विषय प्रौढ व अनौपचारिक शिक्षणाचा, विसावा ग्रंथालयांचा आणि एकविसावा सांस्कृतिक कार्याचा आहे. अनुसूचीत हे तीन विषय ओळीने आले आहेत. गावात मात्र ते तीन ठिकाणी राहतात. साक्षरतेचा वर्ग शाळेत भरतो, पुस्तके वाचनालयाच्या कपाटात असतात आणि सांस्कृतिक कार्यक्रम मंदिराच्या किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात होतो. वर्गात शिकलेल्या माणसाला पुस्तक भेटत नाही आणि मांडवात व्याख्यान ऐकलेल्या माणसाला त्या विषयाचा पुढचा धागा सापडत नाही. हे तीन विषय एका छपराखाली कसे आणता येतील, हाच आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

परंपरेचे बळ

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ साली स्थापन झाले, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली आणि पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ साली. पुण्याच्या संस्थेच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. पुढे ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ साली निघाले. या संस्था केवळ ग्रंथ ठेवण्यासाठी नव्हत्या. त्यांच्या आवारात व्याख्याने झाली, वादविवाद झाले, साहित्यिकांचे मेळावे भरले. नाशिकच्या वाचनालयाने तर नाट्यगृह आणि वस्तुसंग्रहालयही आपल्या छायेखाली चालविले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि शाळा सोडून गेलेल्या प्रौढ माणसाचेही शिक्षण होत राहिले पाहिजे, हा विचार मराठी समाजात रुजला.

या परंपरेची एक मर्यादाही होती. तिचा लाभ मुख्यतः शहरांतील सुशिक्षितांना झाला. निरक्षर माणसाला ग्रंथालयाच्या कक्षेत आणण्याचा विचार अधिक धिटाईने केला तो बडोदे संस्थानाने. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रथम केला आणि नंतर तो सर्व संस्थानात लागू केला. परंतु शाळेतून बाहेर पडलेला मुलगा काही वर्षांत वाचणे विसरला, तर शाळेवरील खर्च वाया जातो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरू लागल्या. त्याच खात्याची एक शाखा जादूचा कंदील आणि चलच्चित्रे घेऊन गावोगाव जात असे. ज्याला अक्षर येत नाही त्याचाही ग्रंथालयावर हक्क आहे आणि डोळ्यांनी पाहून व कानांनी ऐकून तो ज्ञानापर्यंत पोहोचू शकतो, हे तत्त्व बडोद्याने शतकापूर्वी व्यवहारात आणले.

चर्चेचे महत्त्व

ऐकणे पुरेसे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका प्रयोगाने दिले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, तो मंडळी एकत्र बसून ऐकत आणि ऐकल्यानंतर त्यावर चर्चा करीत. शंका लिहून केंद्राकडे पाठविल्या जात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओ नसलेल्या गावांशी करण्यात आली. ज्या गावांत ऐकण्याला चर्चेची जोड होती, तेथे लोकांच्या माहितीत ठळक भर पडल्याचे दिसून आले.

ग्रंथालयाच्या प्रत्येक कार्यक्रमाला या प्रयोगाचा धडा लागू पडतो. वक्ता बोलून गेला, आभारप्रदर्शन झाले आणि मंडळी उठली, तर ऐकलेले बहुतेक सारे वाटेतच सांडते. श्रोत्याने तोंड उघडून प्रश्न विचारला, शेजाऱ्याने त्याला स्वतःचा अनुभव सांगितला आणि त्या विषयाचे पुस्तक समोरच्या टेबलावर दिसले, तरच व्याख्यानाचे शिक्षणात रूपांतर होते.

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते उघडलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. युनेस्को आणि भारत सरकार यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. नवसाक्षरांना डोळ्यांपुढे ठेवून त्याची आखणी झाली होती. पुस्तके विनामूल्य दिली जात, वाचकाला स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक निवडता येई, आणि प्रौढांसाठी चर्चामंडळे, नाटक, संगीत व चित्रपट यांची स्वतंत्र व्यवस्था होती. सांस्कृतिक कार्यक्रम हा तेथे ग्रंथालयाचा दागिना नव्हता, तो ग्रंथालयाचा दरवाजा होता.

साक्षरता मिळते, पण टिकते काय?

या विषयात खरोखर काय पणाला लागलेले आहे, ते साक्षरतेच्या इतिहासावरून कळते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शिक्षक आणि ग्रामस्थ यांनी खांद्याला खांदा लावून गावेच्या गावे साक्षर केली आणि मोहीम पुढे राज्यभर पसरली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमास आणि १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशनला प्रारंभ झाला. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षे व त्यांवरील वयाच्या निरक्षरांसाठी राबविला जात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. परंतु पुरुषांचे प्रमाण ८८.३८ टक्के असताना स्त्रियांचे ७५.८७ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एक स्त्री त्या वेळी अक्षरांपासून दूर होती.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट याहून गंभीर आहे. प्रौढपणी शिकलेले अक्षर नाजूक असते. उन्हाळ्यात वर्गाला बसलेली बाई सही करू लागते, पाटी वाचू लागते. मग पेरणी येते, वर्ग थांबतो, घरात वाचण्याजोगे काही नसते आणि वर्ष-दीड वर्षात तिचा अंगठा पुन्हा शाईच्या डबीकडे वळतो. यात तिच्या बुद्धीचा दोष नाही आणि तिला शिकविणाऱ्याचाही नाही. शिकलेले वापरण्याची जागा तिला मिळाली नाही, एवढेच घडलेले असते. ही जागा देण्याचे काम कोणतीही मोहीम करू शकत नाही, कारण मोहिमेला शेवटचा दिवस असतो. ग्रंथालयाला तो नसतो. मोहिमेने पेरलेले बी जतन करणारी कायमची संस्था या नात्याने ग्रंथालयाकडे पाहिले पाहिजे.

त्यासाठी लागणारा सांगाडा राज्यात उभा आहे. १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीने खेड्यापर्यंत पोहोचणाऱ्या ग्रंथालयांच्या साखळीची कल्पना मांडली होती. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला आणि १९६८ साली स्वतंत्र ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. लोकांनी संस्था काढावी, ती चालवावी आणि शासनाने तिला मान्यता व अनुदान द्यावे, ही महाराष्ट्राची पद्धत आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली हजारो शासनमान्य ग्रंथालये या पद्धतीने वाढली. त्यांतील असंख्य ग्रंथालये लहान खेड्यांत आहेत. उणीव संस्थांची नाही. संस्थेला जिवंत ठेवणाऱ्या नित्य कार्यक्रमाची आहे.

कार्यक्रम कसा असावा?

ग्रंथालयाचा कार्यक्रम म्हटला की पुष्कळदा थोर पुरुषांची जयंती-पुण्यतिथी, तसबिरीला हार, दोन भाषणे आणि एक छायाचित्र एवढे चित्र डोळ्यांपुढे येते. थोरांचे स्मरण आवश्यकच आहे. पण त्या दिवशी त्या थोर व्यक्तीने लिहिलेले किंवा तिच्याविषयीचे पुस्तक किती जणांनी घरी नेले, याची नोंद क्वचितच होते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. उपस्थितीचा आकडा अहवालासाठी ठीक आहे. कार्यक्रमाचे यश मात्र पुढील आठवड्यात देवघेवीच्या नोंदवहीवर किती नवी नावे चढली, यावर मोजावे.

या दृष्टीने लहान ग्रंथालयालाही झेपेल असा महिन्याचा एक क्रम सुचविता येतो. महिन्यात चार सायंकाळ पुरेत, पण त्यांचा वार आणि वेळ ठरलेली असावी व ती मोडू नये.

पहिली सायंकाळ प्रकट वाचनाची. मराठी माणसाला हा प्रकार परका नाही. श्रावणात घरोघरी पोथी लागते. श्रीधराचा हरिविजय किंवा पांडवप्रताप एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही पुढचा प्रसंग तोंडपाठ असतो. तेच वळण कथा, चरित्र, प्रवासवर्णन यांना देता येईल. पुस्तक असे निवडावे की ते तीन-चार बैठकांत संपेल आणि प्रत्येक बैठक उत्सुकतेच्या जागी थांबेल. पुढे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी कोणी ते पुस्तक मागून नेले, तर नियोजन कोलमडले असे समजू नये. कार्यक्रम सफल झाला असे समजावे.

दुसरी सायंकाळ व्यवहाराची. सातबारा उतारा कसा वाचावा, बँकेच्या पासबुकातील नोंदींचा अर्थ काय, पीक विम्याचा अर्ज कसा भरावा, औषधाच्या वेष्टनावरील मुदतीची तारीख कुठे पाहावी, हे विषय तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक किंवा आरोग्यसेविका यांच्याकडून समजून घ्यावेत. येथे भाषण अर्ध्या तासाहून अधिक नसावे आणि कोरे नमुने लोकांच्या हाती द्यावेत. नवसाक्षराला स्वतःच्या जमिनीच्या उताऱ्यावर स्वतःचे नाव वाचता आले, म्हणजे वाचनाचे महत्त्व त्याला आणखी कोणी पटवून द्यावे लागत नाही.

तिसरी सायंकाळ गावाच्या स्वतःच्या ज्ञानाची. म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात. वडीलधाऱ्यांना जुन्या विहिरींचा, दुष्काळाचा, देवळाच्या बांधणीचा वृत्तान्त ठाऊक असतो. बी साठविण्याच्या, रानभाज्या ओळखण्याच्या रीती कोणत्याही छापील पुस्तकात त्या गावच्या बोलीत सापडणार नाहीत. त्या सांगून घ्याव्यात, शाळेतील मुलांकडून मोठ्या अक्षरांत उतरवून घ्याव्यात आणि त्याची वही बांधून ग्रंथालयात दाखल करावी. जिने ओवी सांगितली तिला ती वही वाचावीशी वाटेल. आपल्या तोंडचे शब्द कागदावर ओळखणे, ही प्रौढाच्या वाचनाची सर्वांत सोपी पायरी होय. एरवी गावाला देणारे ग्रंथालय या सायंकाळी गावाकडून घेते. त्यामुळे माणसांना ते आपले वाटू लागते.

चौथी सायंकाळ कलेची व विचाराची. नाट्यवाचन, भजन, भारूड, कवितावाचन किंवा एखादे व्याख्यान असे काहीही चालेल. वक्ता बाहेरूनच आला पाहिजे असे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक, निवृत्त मुख्याध्यापक, गावचा शिकलेला शेतकरी यांचेही ज्ञान लोकांसमोर यावे.

या चारही सायंकाळी एक नियम समान असावा. विषयाला धरून निवडलेली दहा-पंधरा पुस्तके टेबलावर मांडून ठेवावीत आणि त्याच रात्री, उठता उठता, ती घरी नेण्याची सोय असावी. उद्या या, अर्ज भरा, अनामत आणा, असे सांगितल्यास नवा माणूस परत येत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा आग्रह आहे. कार्यक्रम हा या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ होय.

स्त्रियांचा वेळ, स्त्रियांची जागा

सायंकाळची वेळ पुरुषांच्या सोयीची असते. त्या वेळी स्त्री चुलीपाशी असते. म्हणून स्त्रियांसाठी दुपारची वेळ ठरविली पाहिजे. ती सर्व गावांत एकच असणार नाही. सुगीच्या दिवसांत ती बदलावीही लागेल. वेळ ग्रंथालय समितीने आपसांत न ठरविता महिलांच्या बचत गटांना विचारून ठरवावी. बचत गटाची मासिक बैठक ग्रंथालयातच भरली, तर हिशेबाच्या वहीबरोबर पुस्तकही हाती येते. मुलांना बरोबर आणण्यास मोकळीक असावी आणि त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तके एका सतरंजीवर मांडून ठेवावीत. वाचनालयाच्या ओट्यावर पुरुषांचा अड्डा बसलेला असेल, तर अनेक स्त्रिया पायरी चढणार नाहीत, ही साधी गोष्टही कार्यकर्त्यांनी ध्यानात घेतली पाहिजे. समितीवर स्त्रियांना केवळ नावापुरते न घेता कार्यक्रम ठरविण्याचे काम त्यांच्याकडे दिल्यास यांपैकी पुष्कळ अडचणी आपोआप समजतील.

कोणी काय करावे?

ग्रामपंचायतीने पैसा देण्याआधी द्यावयाची गोष्ट म्हणजे जागा आणि उजेड. सभागृह महिन्यातून चार वेळा मोकळे ठेवणे, विजेची व बसण्याची व्यवस्था पाहणे आणि ग्रामसभेत ग्रंथालयाच्या कार्यक्रमाची तारीख जाहीर करणे, एवढे झाले तरी कामाला पाया मिळतो. त्यापुढे वार्षिक अंदाजपत्रकात पुस्तकांसाठी थोडी पण निश्चित तरतूद असावी. सरपंच स्वतः एखाद्या वाचनाला येऊन मागच्या रांगेत बसला, तर त्याचा परिणाम पत्रकापेक्षा अधिक होतो.

शिक्षकांवर कामाचा भार आधीच मोठा आहे. त्यांच्याकडून नवे ओझे अपेक्षित नाही. साक्षरता वर्गातील प्रौढांना, वर्ग संपण्यापूर्वीच, एकदा हाताला धरून ग्रंथालयात नेणे आणि त्यांची नावे सभासद म्हणून नोंदविणे, एवढे एक काम मात्र शिक्षकच करू शकतो. वर्गाचा शेवटचा दिवस ग्रंथालयातील पहिला दिवस ठरावा.

अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीतील ग्रंथसंख्येबरोबर देवघेवीची नोंदवहीही उघडून पाहावी. एकाच पुस्तकावर दहा जणांच्या तारखा पडल्या आहेत, हे समाधान नव्या कोऱ्या शंभर पुस्तकांपेक्षा मोठे आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानासारख्या, १९७२ पासून कार्यरत असलेल्या संस्थेच्या साहाय्ययोजना लहान ग्रंथालयांपर्यंत पोहोचाव्यात, यासाठी मार्गदर्शनाची गरज असते. तसेच लहान ग्रंथालयातील ग्रंथपाल अल्प मोबदल्यावर आणि बहुधा दुसरा व्यवसाय सांभाळून काम करतो, याचे भान ठेवले पाहिजे. त्याच्याकडून कार्यक्रमांची अपेक्षा करताना त्याच्या प्रशिक्षणाचा आणि मोबदल्याचा विचार मागे राहता कामा नये. साऱ्या योजनेचा भार शेवटी या एका माणसाच्या उत्साहावर असतो आणि उत्साह फार काळ उपाशी राहत नाही.

मोठे उपक्रमही प्रेरणा देतात. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव म्हणून पुढे आले. तेथे घरांतून आणि देवळांतून पुस्तके मांडली गेली आणि वाचनाला गावाच्या दिनक्रमात जागा मिळाली. प्रत्येक गाव भिलार होणार नाही. पण प्रत्येक गावाला आठवड्यातून एक सायंकाळ वाचनासाठी राखून ठेवता येईल.

आरंभी ओट्यासमोरून जाणाऱ्या माणसांचा उल्लेख झाला. त्यांना बोलावण्यासाठी फलक पुरेसा नाही, कारण त्यांतील काहींना तो वाचता येत नाही. आतून कोणी मोठ्याने गोष्ट वाचीत असेल, तर मात्र ती रस्त्यावर ऐकू येते. डोक्यावरचा भारा उतरवून एखादी बाई क्षणभर पायरीशी थांबेल. आज ती ऐकेल, पुढच्या खेपेस आत येऊन बसेल आणि कधीतरी टेबलावरचे पुस्तक उचलून त्यावरील नाव अक्षर जुळवीत वाचील. त्या दिवशी ते पुस्तक तिच्या नावावर लिहून देणारे कोणीतरी तेथे हजर असले पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयाचे सारे कार्य यासाठीच आहे.